वरातीच्या घोडीचा मुक्काम

दादा, परवा तुमच्या नातीने घोड्यावरून तीन दिवस डोंगरात फिरायचं खूळ डोक्यात घेतलं, तंबू टाकून राहायचं म्हणे, आणि मी कपाटातून आपली ती जुनी वही काढली. तुम्ही जाऊन बारा वर्षं झाली. वहीला अजून घोड्याच्या तोंडाला बांधायच्या तोबऱ्यातल्या हरभऱ्याचा वास येतो, की मलाच येतो कोण जाणे.

पंचवटीत रिक्षा वाढल्या, आपला टांग्याचा धंदा बसला, आणि उरली ती पांढरी घोडी, वरातीची. लग्नसराई सोडली तर बसून खायची. मी तेव्हा अंबडच्या एका कारखान्यात ड्रॉइंग काढायला लागले होते आणि आमच्या साहेबांना घोड्यावरची सहल हवी होती: त्र्यंबकेश्वरावरून पुढे डोंगरात, तीन दिवस, दोन मुक्काम. आवडली तर दरवर्षी माणसं घेऊन येतो म्हणाले होते. ही सहल जमली तर घोडी ठेवायची, नाहीतर विकायची, असं तुम्ही आईला सांगताना मी ऐकलं होतं.

मी नकाशावर पट्टी ठेवून रोजचं अंतर आखलं. तुम्ही जेवता जेवता बघितलंत आणि म्हणालात, "घोडं कागदावर चालत नाय, पोरी. पाणी कुठं हाय यात?" मला असा राग आला! शिकलेली मी, आणि अक्कल तुम्ही शिकवणार. दुसऱ्या दिवशी तुम्ही एसटीने गेलात, सगळी वाट पायी तुडवलीत, आणि चौथ्या दिवशी सुजलेल्या पायांनी येऊन मला वहीत लिहायला बसवलंत: इथे पाणी, इथे गवत, हा उतार खाली उतरून चालायचा. दुसरा मुक्काम गावाच्या अलीकडे, ओढ्याजवळच्या आंब्याखाली. मी म्हटलं, "दादा, पुढे गावात शाळेची पडवी आहे, नळ आहे." तर म्हणालात, "त्या दिशी गावात लगीन हाय. आपली घोडी वाजंत्री ऐकल अन् सरळ मांडवात जाईल." मी मान हलवली, लिहिलंही. मग साहेबांचा कागद टाइप करायच्या आधी आंबा खोडला आणि वर शाळा लिहिली. साहेबांना मातीत झोपवायची मला लाज वाटत होती.

सहलीच्या दुसऱ्या संध्याकाळी आंब्यापाशी तुम्ही सगळ्यांना थांबा म्हणालात. साहेब आपल्या घोडीवर होते, बाकी आम्ही भाड्याने आणलेल्या घोड्यांवर; साहेबांनी खिशातला कागद काढून तुम्हाला दाखवला. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि मी माझ्या घोड्याच्या खोगिराचा तंग आवळत राहिले, जणू तो सुटलाच होता. तुम्ही गावाच्या वाटेने पुढे चालू लागलात. वेशीवर संबळ वाजला, घोडीने मान ताठ केली, पाय उचलून ठेका धरला, आणि साहेबांसकट नवरदेवाच्या दारात जाऊन उभी राहिली. बायका ओवाळायला ताट घेऊन आल्या. एक म्हातारी म्हणाली, "नवरा लय थोराड हाय बाई." सगळा गाव हसला, साहेब सोडून. त्यांनी जीप मागवली, सहल तिथेच मोडली. तुम्ही टोपी हातात घेऊन त्यांच्यापुढे उभे होतात. "चूक माझी, साहेब. मुक्काम मीच चुकीचा दिला." मी तिथेच होते, चार हातांवर.

घोडी उन्हाळा संपायच्या आत गेली. न्यायला माणूस आला तेव्हा तुम्ही तिला तोबरा चढवलात, तिचं पोट भरेपर्यंत त्याला ओट्यावर बसवून ठेवलंत आणि मला म्हणालात, "तू कामावर जा, उशीर होईल." एका शब्दाने कधी विचारलं नाहीत. विचारलं असतंत तर बरं झालं असतं, दादा. मी रडून मोकळी झाले असते.

आता मी गावोगाव फोन करून लग्नाच्या तारखा विचारतेय. दुसरा मुक्काम आंब्याखालीच ठेवलाय. आंबा अजून आहे का ते बघायला रविवारी स्वतः पायी जाणार आहे. ती वरातीची गोष्ट मी सासरी, ऑफिसात, किती वेळा रंगवून सांगितली असेल. लोक पोट धरून हसतात. काल पोरीने वही चाळता चाळता विचारलं, "आई, गावात लग्न आहे हेसुद्धा आजोबांना माहीत नव्हतं?" खोडलेला आंबा तिच्या बोटाखालीच होता. मी म्हटलं, "नव्हतं गं."