न्यायला येणाऱ्याचं नाव

माय, उद्या सकाळी माझं ऑपरेशन आहे आणि दादाला मी लातूरला सोडून आलेय. एवढं एक वाक्य लिहायला अर्धी दुपार गेली, कारण 'सोडून आलेय' म्हटलं की पुढचा प्रश्न तुझ्याच आवाजात ऐकू येतो. मी नांदेडच्या दवाखान्यात खाटेवर बसलेय. गर्भपिशवी काढायची आहे, डॉक्टर म्हणतात रोजचंच काम. त्यांचं असेल रोजचं. माझे तळहात सकाळपासून ओले आहेत, पेन सटकतंय. मरणाला भीत नाही असं लिहिणार होते, पण तुझ्याशी खोटं कशाला, मी भिते. मी भुलीतून उठलेच नाही तर त्याला आणायला कोण जाईल, ही ती भीती. दुपारपासून तीनदा लातूरला फोन लावला. तिसऱ्यांदा तिथल्या बाई म्हणाल्या, 'ताई, जेवला, झोपला, अजून झोपेतच हाय.'

ती जागा दादासारख्या, वयानं वाढलेल्या पण मनानं लेकरूच राहिलेल्या माणसांना चार-आठ दिवस सांभाळणारी आहे. घरचं माणूस आजारी पडलं, कुठं लग्न निघालं, किंवा सांभाळणारं नुसतं दमलं, तरी ठेवून घेतात आणि ठरल्या दिवशी परत देतात. अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाला घेणारी अशी जागा मला नांदेडात मिळाली नाही. सापडली ती नेमकी आपल्या जुन्या मेसच्या गल्लीत. क्लासच्या पोरांचं हॉस्टेल होतं ना कोपऱ्यावर, तीच इमारत. भिंतीवर अजून रसायनशास्त्राचा तक्ता चिकटलेला आहे. आपली मेस बंद झाल्यावर नांदेडला आले तेव्हापासून मी इथल्या एका क्लासच्या काउंटरवर बसते. दर जूनला लेकरांना सोडायला आलेल्या आईबापांना 'काही काळजी करू नका' म्हणण्याचाच मला पगार मिळतो. देगलूरहून, धर्माबादहून येतात बिचारे, गादी आणि बादली घेऊन, आणि जाताना जिन्यात रडतात. मला आतून हसू यायचं. परवा त्या बाईंनी तेच वाक्य मला ऐकवलं, अगदी माझ्याच सुरात, आणि त्यातल्या एकाही शब्दावर माझा विश्वास बसेना.

भूकंपानंतरचे पत्र्याच्या शेडमधले दिवस आठवतात. बाबा ढिगाऱ्यातून निघाले नाहीत आणि तू रडायचं पुढं ढकललं होतंस. मी बारा वर्षांची, दादा सोळाचा, माझ्यापेक्षा हातभर उंच. मदतीचा ट्रक आला की तू रांगेत शिरायचीस आणि मला बजावायचीस, 'त्याचा हात सोडू नको.' त्या दिवशी कपड्यांचा ट्रक आहे. ढिगात एक पिवळा फ्रॉक दिसतोय, दुसऱ्या एका पोरीचा हात त्याच्याकडे चाललाय आणि दादाचा तळवा माझ्या हातात घामानं चिकट झालाय. फ्रॉक मिळाला. वळून बघते तर दादा नाही. दोन तासांनी सापडला तो एका तंबूत, जिथं कुणीच न उरलेल्या लेकरांची नावं लिहून घेत होते. शर्टाला चिठ्ठी टाचलेली. टेबलावरचे साहेब विचारत होते, 'तुला न्यायला कोण येणार?' आणि तो एकच सांगत होता, 'माय.' तू आलीस. त्याला जवळ घेतलंस आणि मला एवढंच विचारलंस, 'हात सुटला का सोडलास?' मी म्हणाले, 'सुटला.' तू लुगड्याचा काठ फाडून त्याचं मनगट माझ्या मनगटाला बांधलंस. सोडला होता, माय. तुला तेव्हाच कळलं असणार, उगाच का कुणी अंगावरचं एकुलतं एक लुगडं फाडेल.

मग लातूर, मग मेस. क्लासची पोरं वाढली तशा आपल्या पंगती वाढल्या. दादाचं काम पाण्याचे पेले भरायचं. काठोकाठ भरायचा, आणि एखादा पोरगा आला नाही तर भरल्या पेल्याशेजारी त्याची वाट बघत बसायचा. तू ओरडायचीस, 'आरं, समदं सांडायलास की.' तू गेलीस त्या दिवशी, माणसं पांगल्यावर, तो तुझ्या पाटापुढं पेला भरून बसला. 'माय कुठंय?' तोंडाला आलं ते बोलून गेले, 'औशाला गेलीय.' महिन्याला तू औशाच्या बाजारातून तूर, ज्वारी आणायचीस आणि संध्याकाळच्या एस.टी.नं परत यायचीस, त्यामुळं त्याला ते पटलं. बारा वर्षं झाली. मी ते कधी दुरुस्त केलं नाही. आल्यागेल्याला तो अजून तेच सांगतो.

परवा मी निघाले तेव्हा तो तिथल्या लोकांचे पेले भरायला लागलाही होता. माझ्याकडं बघितलं नाही. जिन्यात मला रडू आलं नाही. हात मोकळा झाल्यासारखं हलकं वाटलं, अगदी फाटकापर्यंत, आणि त्या हलकेपणाची मला उद्याच्या भुलीपेक्षा जास्त भीती वाटतेय.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणूनच वहीचं सांगता येतंय. तिथं एक वही आहे. तिच्यात एक रकाना 'सोडणाऱ्याचं नाव', शेजारी दुसरा 'न्यायला येणाऱ्याचं नाव'. दोन्हीत मी माझंच लिहिलं. बाई म्हणाल्या, 'ताई, तुमचंच ऑपरेशन हाय न्हवं? मग आनखी एक नाव लागतंय. त्याबिगर ठेवून घेता येत न्हाई.' मी पेन धरून माणसं आठवत बसले. क्लासमधली मैत्रीण इथं माझ्या सोबतीला आलीय, जीव लावते, पण मी उठले नाही तर जो त्याला न्यायला जाईल त्याला तो जन्मभर सांभाळावा लागेल. असं कुणाचं नाव कसं लिहायचं? बाई दादाकडं वळल्या. 'काका, तुमाला न्यायला कोन येनार?' तो लगेच म्हणाला, 'माय.' 'कुठं असतेत माय?' 'औशाला.' बाई हसल्या. 'आई हायेत की ताई, मग सांगायचं न्हाई का?' मी 'हाव' म्हणाले. तुझं नाव सांगितलं. फोन विचारला तेव्हा मेसच्या बंद पडलेल्या फोनचा नंबर दिला, तो अजून पाठ आहे. बाईंनी लिहून घेतलं, नात्यापुढं आई, गावापुढं औसा. मी खाली सही केली, कारण मागच्या वेळी त्यानं हेच सांगितलं होतं आणि तू आली होतीस.