फुलसिंग नायकांच्या टाळ्या

प्रिय संध्या,

भाषणात तू विचारलंस, ‘माझ्या बाकावरची ती हुशार मुलगी आज कुठं असेल?’ अगं बाई, कुठं असणार! आखाडा बाळापूरच्या शाळेच्या त्या मंडपात, तुझ्यासमोर, पालकांच्या खुर्च्यांत बसले होते. मीच, जमना. सभापती झालीस, चष्मा लागला, तरी समोरचं दिसेना. आणि मला नव्वद टक्के कधी पडले होते गं? अठ्ठ्याहत्तर होते. असू दे, पुढाऱ्यांच्या तोंडी थोडं वाढतंच.

तुला ठाऊक नाही, पण तू आलीस तेव्हा आमच्या तांड्यावर वेगळंच ठरून बसलं होतं. माझी शितल बारावीला आहे. तिला परभणीला शेतकी कॉलेजात जायचंय. सासऱ्यांनी मात्र वसमतचं स्थळ पक्कं केलं होतं. घरची हळदीची शेती, दोन ट्रॅक्टर, परीक्षा संपली की लग्न. शितलचे वडील वसराम माणूस भला, पण बापापुढं त्यांच्या तोंडाला कुलूप. मी सांगून पाहिलं, रडून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. लेकीचीही माझ्यासारखीच गत होणार, या विचारानं घास उतरत नव्हता.

तू ज्यांना शाल-नारळ दिलंस, ते फेटेवाले, आमच्या तांड्याचे नायक फुलसिंग म्हणजे माझे सासरे. निकाल लागायच्या आतच त्या मुलीचं लग्न लावलं, गणिताचं बक्षीस घ्यायला ती आलीच नाही, असं तू सांगत होतीस. एरवी भाषणात खुसखुसणारी पोरं गप्पगार झाली. पोरींच्या रांगेत तर नाकं ओढल्याचे आवाज. आणि व्यासपीठावर सासरे डोळे पुसत होते. सगळ्यांत जोरात टाळ्या त्यांच्याच!

घरी येता येता शितलनं माझ्याकडून सगळं काढून घेतलं. संध्याकाळी जेवताना सासऱ्यांचा तोच विषय. “काय माणसं असतेत! एवढी गुणाची पोरगी चुलीला लावली. तिच्या सासऱ्याला तरी कळाया नको व्हय?” मी मान खाली घालून भाकरी वाढत होते. हसावं की रडावं, कळेना. शितलनं तांब्या खाली ठेवला आणि सरळ म्हणाली, “आजोबा, ती पोरगी म्हंजी माझी आई हाय.”

सासरे ताटातलं तसंच ठेवून उठले. मला वाटलं, आता काही खरं नाही. सकाळी फेटा बांधून वसमतला गेले, दुपारी परतले आणि वसरामवरच ओरडले, “लेकरू शिकून राहिलं तर शिकू दे की! तुमी काहून अडवता?” जणू आजवर आम्हीच अडवत होतो! संध्या, त्या दिवशी मी किती दिवसांनी पोटभर जेवले.

हे फोनवरही सांगता आलं असतं. पण भाषणाच्या शेवटी तू, ‘तिच्या लग्नाला गेले, जेवून आले, तिच्या बापाला एक शब्द बोलले नाही, ते अजून सलतं,’ म्हणालीस. त्यासाठी हे पत्र. खरं सांगते, मलाही तुझा राग होता. आता वाटतं, तू तरी केवढी होतीस, तुझं कोण ऐकणार होतं? आता ते मनावरून उतरव. तेव्हा माझ्यासाठी बोलली नाहीस, पण माझ्या लेकीसाठी बोललीस, आणि मला तेवढं पुरलं.

तुझीच बाकावरची,
जमना