चार बोटं बाहेरची चाकं

बोरपाडा (ता. सुरगाणा)
६ मे १९८४

ती. वत्सलाताईस, मंगळूचा शि. सा. न. वि. वि.

आईचा दमा सोडला तर इकडे सगळं ठीक. नाशकाला तुझ्याकडे राहायला जा म्हटलं की ती म्हणते, तिथलं पाणी घशाखाली उतरत नाय. पावसाळ्यात एसटी पाड्यापर्यंत येत नाही आणि गेल्या वर्षी तिला झोळीतून फाट्यापर्यंत नेताना काय हाल झाले, ते तू पाहिलंस. म्हणून तर लिलावातली जुनी जीप घेतली.

पण काल ती आरटीओच्या पासिंगला नापास झाली. चिखलात रुतू नये म्हणून मी रुंद टायर बसवले, ते मडगार्डच्या चार बोटं बाहेर येतात. साहेब म्हणाले, चाक झाकलेलं पाहिजे. शाळेत मी पोरांना नापास करतो, त्याचा सूड असावा! दवाखान्यातून सवड काढून जरा चौकशी करशील का?

कामाच्या रगाड्यात धाकट्यावरचा लोभ विसरू नये.

तुझा,
मंगळू


पंचवटी, नाशिक
२० मे १९८४

चि. मंगळूस, अनेक आशीर्वाद.

चौकशी केली. बाहेर आलेल्या चाकाने चिखल आणि दगड मागच्याच्या अंगावर उडतात, म्हणून हा नियम. एवढंच ना? मग गोरक्ष पत्रेवाल्याकडून मडगार्डला पत्र्याची झालर करून घे. मी त्याला सांगून ठेवलंय. परकराला लावतात तशी झालर लागली की तुझी जीपही नटेल, मग तिच्यासाठी स्थळ बघू.

आईला चुलीच्या धुरात बसू देऊ नकोस. नर्सबाईंचा हुकूम आहे म्हणून सांग. ऐकणार नाहीच.

तुम्हा दोघांवर माझा जीव आहे, तुमचाही तसाच असू द्या.

तुझी,
ताई


बोरपाडा
१७ जून १९८४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

झालर लागली. पूजेच्या वेळी शेजारच्या बुधाकाकाने नारळ नेमका नव्या पत्र्यावरच फोडला आणि पोचा पाडला. आई पुढच्या सीटवर पदर सावरून बसली होती. आता तुझी ताई बघत राहील, म्हणाली.

पासिंगला मात्र साहेबांनी टेप लावली. गाडीची रुंदी कागदावरच्यापेक्षा वाढली, आधी लेखी परवानगी का घेतली नाही, म्हणाले. झालर लावली तर गाडी नियमाबाहेर, काढली तर चाकं नियमाबाहेर. शेवटी झालर काढली, जुने बारीक टायर चढवले. गाडी लगेच पास! सोबत झालरीच्या परवानगीचा अर्ज पाठवतोय, तेवढा आरटीओत दे.

तुझ्या मायेवरच चाललंय, ती राहू दे.

तुझा,
मंगळू


पंचवटी, नाशिक
८ जुलै १९८४

चि. मंगळूस, अनेक आशीर्वाद.

अर्ज दिला. कारकून म्हणाला, झालर लावलेली गाडी आणून दाखवा, मग परवानगी. मी विचारलं, आणू कशी? तर म्हणाला, परवानगीशिवाय झालर लावून रस्त्यावर आणू नका. मग त्याच्याही लक्षात आलं, आणि त्याने मला चहा पाजला. माणूस वाईट नाही रे, पण त्याच्याही हातात काही नाही. बाहेर येऊन मला रडूच आलं.

तोवर बारीक टायरच राहू देत. गाडी जप्त झाली तर आईला खांद्यावर आणशील का?

काळजी वाटते, म्हणून रागावते. लोभ कमी झाला असं समजू नकोस.

तुझी,
ताई


बोरपाडा
१२ ऑगस्ट १९८४

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

आईच्या कार्याला तू आलीस तेव्हा तोंडाने सांगवलं नाही, म्हणून लिहितो.

त्या दिवशी तिचा श्वास कोंडला. बुधाकाकाने तिला धरलं, मी गाडी काढली. नाल्याच्या अलीकडे मागची चाकं रुतली. आम्ही दगड घातले, फांद्या घातल्या, मी अंगातला सदरा घातला. बारीक चाकं नुसती जागच्या जागी फिरत राहिली. मदतीला आलेली माणसं झोळी आणायला पाड्याकडे धावली. तेवढ्यात आई म्हणाली, मंगळू, नाशिक राहू दे, घरी चल. मी रिव्हर्स टाकला. गाडी मागेही हलेना. तिचं एवढंसुद्धा माझ्याच्याने झालं नाही गं. झोळी आली तेव्हा ती गेलेली होती.

झालर अंगणात पालथी पडली आहे. अर्जाचं विचारायला आता जाऊ नकोस. गेलीसच तर साहेबांना सांग, गाडी त्या दिवशी पूर्ण नियमात होती.

आईच्या वाट्याची मायाही आता तुझ्याकडेच मागतो.

तुझा,
मंगळू