आंबट मातीवरची हिरवळ

बाबा, आज सकाळी खाली गेले तर तुमच्या लॉनला पुन्हा टक्कल पडलंय. जिन्याजवळ तर नुसतं शेवाळ. बघून इतका कंटाळा आला की तिथेच कट्ट्यावर बसून राहिले.

ऐंशी सालानंतर आपण मुलुंडला राहायला आलो, तेव्हाही असंच होतं. बिल्डरने भरावाला टाकलेल्या लाल मातीत हरळी धड धरत नव्हती. आईची नजर साखरेने अधू होत चाललेली. दवात अनवाणी चाललं की डोळे सुधारतात, असं तुम्ही कुठेतरी ऐकलंत आणि हट्टालाच पेटलात. ताक घातलं की कढीपत्ता फोफावतो, मग गवत का नाही फोफावणार, हा तुमचा हिशोब. उरलेलं आंबट ताक मागायला मला दारोदार पाठवायचात. मी कॉलेजात जाणारी, जीव नकोसा व्हायचा. गवत आणखी पिवळं पडे, की तुम्ही आणखी ताक ओतणार. शेवटी वरच्या मजल्यावरचे काका, खताच्या कंपनीतले, म्हणाले, "अरे, ही माती मुळातच आंबट आहे. त्यात तू ताक काय ओततोयस? चुना टाक."

"तू काय चाखून बघितलीस?" तुम्ही म्हणालात. पण दुसऱ्याच दिवशी चुना आणलात. अजून दिसताय मला, पिठाच्या चाळणीने वाकून चुना भुरभुरवताय, भुवया पांढऱ्या झाल्यात आणि आई खिडकीतून ओरडतेय, "अहो, चाळण कुणाला विचारून नेलीत?" मोकळ्या जागी हरळीचे ठोंबही तुम्हीच लावलेत. चुना सावकाश काम करतो, असं काका म्हणाले होते. तेवढा धीर आईच्या डोळ्यांना नव्हता.

पुढचा पावसाळा सरला आणि गवत सगळीकडे सारखं आलं. तोवर आईला उजेड नि अंधार एवढंच कळत होतं. तुम्ही तिला हाताला धरून खाली आणलंत. तिने चपला काढल्या, पाय टेकला आणि विचारलं, "हिरवं झालं का हो?" "झालं," म्हणालात आणि तोंड फिरवलंत. ती आपली खुशीत, गार लागतंय म्हणत चालत राहिली. मला तुमची इतकी दया आली की तुमचाच राग आला.

आता सोसायटीची कमिटी म्हणते, लॉन काढून फरशा टाकू. मी भांडत नाही, दमले मी. परवा डॉक्टरांनी सांगितलं, साखर माझ्याही डोळ्यांत उतरलीय. गवतात चालून काही होत नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे. हे पत्र तरी कुठे टाकणार, बाबा? पण आज कट्ट्यावरून उठताना चपला हातात घेतल्या, आणि अजून हिरवं आहे तेवढ्यावरून चालत घरी आले.