पाठ फिरवून बसणारा दलाल

आबा, तुम्हाला जाऊन नऊ वर्षं झाली आणि आज मला तुमचा राग आला आहे. तुम्ही घरं दाखवण्याचा हा धंदा माझ्या हाती दिलात, पण त्यातली मुख्य गोष्ट सांगितलीच नाही, असं दुपारपासून वाटतं आहे. किंवा सांगितली असेल आणि मी ऐकली नसेल. दोन्हींतलं खरं कोणतं, ते लिहिता लिहिता ठरवीन.

तुमच्यामागे मी सगळं नीट करायला घेतलं. खामगावातली विकाऊ घरं तुम्ही डोक्यात ठेवायचात, मी वही केली. खण किती, लाकूड सागाचं की निंबाचं, धाब्यावर माती शेवटची कधी टाकली, आड स्वतःचा की सामायिक, चतुःसीमेत कोण कोण. शाळा मराठी सहावीतून सुटली, तरी त्या वहीत ऱ्हस्वदीर्घाची एक चूक कोणी काढून दाखवावी. घेणाऱ्यांचीही वेगळी पानं केली. दुकानदाराला रस्ता हवा, नोकरदाराला कचेरी जवळ हवी, खेड्यातून पोरांच्या शाळेसाठी येणाऱ्याला बैल बांधायला जागा. पण माझ्या पानांप्रमाणे वागायचं नाही अशी शपथच लोकांनी घेतलेली दिसते. बैल विकून आलेला माणूस गोठा मागतो. रस्त्यावरचंच घर पाहिजे म्हणून महिनाभर मागे लागलेला वाणी घर पाहून म्हणतो, इथं फार वर्दळ आहे. मी पान खोडतो, नवं लिहितो, तेही खोडतो.

त्यात हा गोऱ्या साहेबाच्या कापसाच्या जिनातला कारकून. मूळचा पिंपळगाव राजाचा. त्याला तेलघाणीच्या बोळातलं मावशीचं घर दाखवलं. ती तुमच्या ओळखीची मावशी, नवरा तुम्ही असतानाच गेलेला, एकुलती मुलगी मोताळ्याला दिलेली. मुलीचे दिवस भरत आले आहेत, तिला सासू नाही, आणि मावशीला फाल्गुनाच्या आत तिथं पोचायचं आहे. घर नुसतं कुलूप लावून सोडलं, तर दीर त्याच दिवशी आत शिरतील. म्हणून विकूनच जायचं. कारकून पहिल्यांदा आला तो दिवाळीनंतर. मग भावाला घेऊन आला, मग सासऱ्याला, मग गवंड्याला, मग जोशाला. दोनदा बायकोलाही आणलं. ती पदर ओढून भिंतीशी उभी राहिली आणि तशीच गेली. अकरा खेपा झाल्या, आबा. दर खेपेला मावशी सारवून ठेवायची, मी वहीतलं सगळं वाचून दाखवायचो, आणि दर खेपेला तो म्हणायचा, "भावाचं जरा पाहा." मावशीनं दोनदा भाव उतरवला. तरी तो म्हणतच होता, भावाचं जरा पाहा.

तुम्ही असता तर काय केलं असतं? काहीच नाही. तुम्ही किल्ली दिली असती आणि समोरच्या ओट्यावर जाऊन घराकडे पाठ करून बसला असता. मला तो दिवस दिसतो. एक धान्याचा व्यापारी घरच्या तीन बायकांना घेऊन आला आहे. तुम्ही त्यांना आत पाठवून व्यापाऱ्यालाही आपल्या शेजारी बसवून घेतलं आहे. पलीकडे पिंजारी चाचा कापूस पिंजता पिंजता विचारतात, "क्यों दलालसाब, मकान बेच रहे या पीठ सेक रहे?" तुम्ही हसता. मला हसू येत नाही. सतरा वर्षांचा मी, आणि माझा बाप भर बाजारात आळशी ठरतो आहे.

"आबा, मी आत जाऊ का?"

"काऊन? तुले तिथं सैपाक कराचा हाय?"

तरी मी गेलो. खण मोजून सांगितले, तुळया दाखवल्या. बायका भिंतीला लागल्या आणि घटकाभरात सगळे निघून गेले. घरी येताना तुम्ही एवढंच म्हणालात, "तिघी होत्या आत. तू गेल्यावर एकीनं तरी तोंड उघडलं काय?"

"मी विचारलं ना, काही शंका आहे का म्हणून."

"हाव. आन् त्या तुले सांगतीन."

मी समजलो, कामचुकारपणावर पांघरूण घालता आहात.

आज कारकून बाराव्यांदा आला, बायको आणि आई बरोबर. मी आत शिरलो, वही उघडली, स्वयंपाकघर दोन खणांचं, इथवर आलो असेन, तर मावशी म्हणाली, "बाबू, ह्या घरात माह्ये चाळीस वर्सं गेले. तुह्ये खण मोजून झाले असतीन त आता बाहीर जाऊन बस."

"मावशी, माहिती द्यायला कोणीतरी..."

"मी काय मेली? तुह्या बापाले समजे, तुले काऊन समजत नाही? याले पण घेऊन जाय."

कारकुनाला घेऊन मी समोरच्या ओट्यावर बसलो, पाठ करून. कान लाल झाले होते. आतून आवाज येऊ लागले. आधी कुजबुज, मग तिघींचं हसणं, मग वाद, मग धप्प धप्प असा आवाज. कारकून उठायला लागला, मी त्याचा हात धरून ठेवला. शेवटी त्याची आई दारात आली आणि त्याला म्हणाली,

"चुलीपाशी बसलं की दाराकडे पाठ होते. कोन आलं, कोन गेलं, काही दिसत नाही. माही सून दोन डाव हेच पाहून गेली. तुले सांगे त तू म्हने, चुलीपायी घर सोडतात काय."

कारकून माझ्याकडे न पाहता म्हणाला, "चुलीचं काय सांगाव लोकाईले? म्हणून भाव म्हणत होतो."

चूल माझ्या वहीत कुठल्याच पानावर नाही, आबा. तेवढ्यासाठी गवंडी झाला, जोशी झाला, मावशीचा भाव दोनदा उतरला.

मावशी कोपरापर्यंत काजळी घेऊन बाहेर आली. तिनं स्वतःची चूल पाट्याच्या वरवंट्यानं फोडली होती. नांदत्या घरातली चूल फोडत नाहीत, अपशकुन असतो, हे तिला माहीत नव्हतं थोडंच.

"नव्या चुलीची जागा दावून देल्ली सुनबाईले," ती म्हणाली. "मले बी दार दिसत नोहतं. कोनी इचारलंच नाही."

"मावशी, आज सैपाक कुठं करसान?"

"शेजारी खाईन. तू दस्ताचं पाह्य. मले मोताळ्याले जाणं हाय."

इसार देऊन सौदा पक्का झाला, आणि तोही मावशीच्या मूळ भावानं. ते कारकुनाच्या आईनं ठरवलं. परवा स्टँप कागद आणायचा आहे. मावशी वेळेत पोचेल.

सुरुवातीला ठरवायचं राहिलं होतं, ते ठरलं. तुम्ही सांगितलं होतं. तरी दोन शब्द जास्त सांगितले असते, तर तुमचं काय गेलं असतं, हे माझं म्हणणं कायम आहे.

हे पत्र कुठल्या टपालात पडणार नाही, म्हणून आणखी एक लिहून टाकतो. बोळातून बाहेर पडताना कारकुनानं विचारलं, बायकांना आत सोडून आपण बाहेर बसायचं, ही रीत मला कोणी शिकवली. मी म्हणालो, माझं मलाच सुचलं.