बडा गणपतीच्या पत्त्यावर आलेलं उत्तर

आई,

परवा इथल्या एका शाळेत तुझ्या पुस्तकांवर कार्यक्रम झाला. तुझी मुलगी म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं. एक शिक्षिका म्हणाल्या, मुलांचं दुःख ज्यांना कळलं अशा या लेखिका. मी मान डोलावली. लोकांसमोर तुझी बाजू सांभाळायची सवय मला लहानपणापासूनच आहे.

तुझी लिहिण्याची रीत त्या बाईंना कोण सांगणार? मल्हारगंजातलं आपलं दोन खोल्यांचं घर, मी शाळेतून नुकती आलेली, दप्तर अजून खांद्यावर, आणि तू शेगडीजवळ पाट मांडून नवी गोष्ट घेऊन तयार. दारुडा बाप, सावत्र आई, वर्गाबाहेर बसवलेला मुलगा. तू वाचायचीस, आणि एक डोळा माझ्या चेहऱ्यावर. मी रडले की समासात लाल पेन्सिलीची खूण. नाही रडले की, "बेकार गेलं हे पान. चल, फिर से ऐक, ध्यान देऊन." पुरेशा खुणा झाल्या की पोहे मिळायचे. भुकेपोटी मी कितीदा खोटं रडले ते तुला कधी कळलं नाही, एवढी मोठी लेखिका तू!

मग नवं राज्य झालं, राजधानी भोपाळला गेली आणि बाबांचं ऑफिसही. आधी ते दर पंधरवड्याला यायचे, मग सणावारी, मग तेही बंद. मी विचारलं की तू म्हणायचीस, "काम बहुत आहे त्यांना." आणि एका दुपारी तू एक गोष्ट वाचायला घेतलीस. एका मुलीच्या वडिलांची बदली होते आणि ते त्या गावात दुसरं घर करतात. तिथे त्यांना मुलगा होतो. गोष्टीतली मुलगी माझ्यासारखीच डाव्या हाताने लिहायची. मी विचारलं, "आई, ही गोष्टच आहे ना?" तू म्हणालीस, "गोष्टच आहे. नावं बदललीत फक्त. पहले पूरी ऐक तो." त्या दिवशी मी खरं रडले. तू पेन्सिल उचललीस. पानाचा समास लाल झाला, आणि तुझा चेहरा असा खुलला की मला तुझी किळस आली. जवळ घेतलं नाहीस.

ती गोष्ट गाजली. गावोगावच्या मुलांची पत्रं येऊ लागली, आणि तू प्रत्येकाला स्वतः उत्तर लिहायचीस. म्हणून मीही लिहिलं. खोट्या नावाने, उजव्या हाताने, बडा गणपतीच्या देवळाजवळ राहणाऱ्या मैत्रिणीच्या पत्त्यावरून. बाबा सोडून गेले आणि आई माझ्याकडे बघत नाही, एवढंच लिहिलं. आठ दिवसांनी मैत्रिणीने शाळेत पाकीट हातात ठेवलं. "ले, तुझं आलं. आमची आई विचारत होती, ये कौन आहे म्हणून."

तीन पानं लिहिली होतीस. "लाडक्या बाळा, तू माझ्याजवळ असतीस तर तुला कुशीत घेऊन बसले असते." माझ्याजवळ असतीस तर! मी ते तुझ्यापासून चार हातांवर बसून, भूगोलाच्या पुस्तकात धरून वाचत होते. माझं नाक वाजलं तशी तू वर न बघताच ओरडलीस, "गप गं, लिहितेय ना मी!"

शेवटच्या आजारात तुझे डोळे गेले, तेव्हा मी तुला ती जुनी पत्रं वाचून दाखवायचे. एका दुपारी माझंही वाचलं. "बडा गणपतीची ना ही?" तू लगेच ओळखलंस. "बहुत प्यारी होती गं. एकदाच लिहिलं तिने. पुढे काय झालं तिचं, कधी कळलंच नाही." तुझा हात माझ्या हातात होता. एक शब्द पुरला असता. मी म्हणाले, "मेली ती. त्याच वर्षी." तू कितीतरी वेळ रडत राहिलीस आणि मी तुझे डोळे पुसत राहिले. तिसऱ्या दिवशी तू गेलीस.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहून टाकते. सगळ्या आयुष्यात माझ्यासाठी तू रडलीस ती तेवढ्या दुपारीच, आणि मला तुला थांबवावंसं वाटलं नाही.