दादाचा हात आणि सॅम्पल अँड होल्ड

३ मार्च
दादाने आज कानाखाली दिली. त्याच्या वर्कशॉपमध्ये, माझ्या हातात तापलेलं सोल्डरिंग आयर्न असताना! कारण काय, तर नाटकासाठी मी जुळवतेय तो सिंथेसायझर. "महिना झाला, नुसता एकच भोंगा. तुझं ते सॅम्पल अँड होल्ड घाल चुलीत!" चाळिशीला टेकलेली बाई मी. डाव्या कानात अजून शिटी वाजतेय.

५ मार्च
कळलं! एकदाचं कळलं! सॅम्पल अँड होल्डच्या मॉड्यूलला मी नुसते ट्रिगर, म्हणजे ठोक्याचे इशारे, मारत होते, आत काही देतच नव्हते — वेडी कुठली! आत सतत हलता व्होल्टेज हवा. ट्रिगर आला की मॉड्यूल त्या क्षणाची पातळी पकडतं आणि पुढचा ट्रिगर येईपर्यंत तीच धरून ठेवतं. बस्स, एवढंच.
आत नॉइज दिला, म्हणजे निव्वळ खरखर. बाहेर आलेला व्होल्टेज सूर काढणाऱ्या ऑसिलेटरला जोडला. आणि सूर उड्या मारायला लागले! ठोके अगदी मोजून, पण पुढचा सूर कुठे पडेल याचा पत्ता नाही. वहिनी चहा घेऊन आली होती, ऐकत उभी राहिली. "भीती वाटते गं, पण छान आहे." दादाची पावलं वाजली तशी कप उचलून निघून गेली.

६ मार्च
नॉइज काढून व्होल्टेजची संथ लाट दिली. सूर पायरी-पायरीने चढतो, उतरतो. दिवसभर नुसती हसत होते.

९ मार्च
तालीम. कैद्याला मारतात तो प्रसंग. दिग्दर्शक बाई म्हणाल्या, "ठोसे नकोत. पुढचा कुठे बसणार, ती धास्ती ऐकू येऊ दे."
पुन्हा नॉइज आत. या वेळी सुराला नाही, आवाज दाबणाऱ्या-मोकळा करणाऱ्या फिल्टरला जोडलं. ट्रिगरही वेडेवाकडे सोडले. आवाज मध्येच दबतो, मध्येच अंगावर येतो. कैद्याचं काम करणारा नट वाक्यच विसरला! बाई म्हणाल्या, "हेच. आणि हे हीच चालवणार."
दादा शेजारीच होता. हसला.
वर्कशॉपमध्ये आल्यावर त्याने सिंथेसायझरच्या रॅकचं झाकण माझ्या उजव्या हातावर आपटलं. दोनदा. "दुकान माझं आहे, कळलं?"

१० मार्च
दोन बोटं मोडलीत. प्लास्टर.

१७ मार्च
डाव्या हाताने केबली लावते. जमतंय. दादाशी बोलणं बंद.

२४ मार्च
पहिला प्रयोग. नीट लिहिता येत नाहीये, पण लिहिणार.
दुसऱ्या अंकाआधी दादा विंगेत आला. प्यालेला नव्हता. तो पीतच नाही! "हो बाजूला, मी चालवतो."
"नाही," मी म्हटलं. जन्मात पहिल्यांदा.
त्याने मूठभर केबली उपटल्या. मग माझे केस धरले. डोकं टेबलावर आदळलं, तोंडात रक्त आलं. डाव्या हाताला माइकचा स्टँड लागला, बुडाला लोखंड असलेला. मारला. दादा वाकला, मला सोडून भिंतीला टेकला. मी पुन्हा मारला. कानाच्या वर. तो विंगेतल्या पायऱ्यांवरून खाली कोसळला, आणि हललाच नाही.
दुसऱ्यांदा मारायची गरज नव्हती. त्याने मला सोडलं होतं.

२५ मार्च
दादा दवाखान्यात, बेशुद्ध. पोलीस आले होते. पडला तेव्हा तिथे आम्ही दोघंच होतो. मी मारलं, ते सांगितलं नाही. वहिनी दिवसभर त्याच्या खाटेशेजारी बसून.

२६ मार्च
जगू दे. मग वाटतं — नको जगू दे. दोन्ही खरंच वाटतं. शी!

२८ मार्च
दादा शुद्धीवर आला. पोलिसांना म्हणाला, "पाय घसरला माझा. बहिणीचा काही संबंध नाही." वहिनीने येऊन सांगितलं. सुटले मी! पण तो दुसरा फटका डोक्यातून जाईना. मग चपला घातल्या. "चौकीत जाते," म्हटलं. "मी मारलं, ते सांगायला. आणि इतकी वर्षं तो काय करत आलाय, तेही."
वहिनी म्हणाली, "थांब. एकटी जाऊ नकोस. माझंही सांगायचंय."